पाचर, गोटा आणि रेल्वेचा नट

शनिवारी सकाळी शेफिल्डहून मँचेस्टरकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर ग्रिंडलफर्ड किंवा हॅदरसेज स्टेशनवर उतरणारी एक जमात हमखास दिसेल. पाठीवर सॅक, सॅकवर गुंडाळलेला दोर आणि चालताना खुळखुळ वाजणारं बरंचसं लोखंड. पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेल्या मावशींना वाटलं, ही सगळी मंडळी नळ दुरुस्त करायला निघाली आहेत. मी हसले खरी, पण मावशींचा अंदाज फारसा चुकला नव्हता. इंग्लंडमधलं कातळ चढण्याचं साधन-साहित्य ज्यांनी घडवलं, त्यांच्यात प्लंबर, फिटर, लोहार यांचाच भरणा जास्त होता.

ते खुळखुळणारं लोखंड म्हणजे मुख्यतः 'नट'. काजू-बदाम नव्हे, बोल्टवर फिरवतात तो नट. आज त्याचा आकार बदलला आहे, तो अ‍ॅल्युमिनियमचा झाला आहे, त्याला पोलादी तार असते, पण नाव तेच राहिलं. आणि हा नट येण्याआधी काय होतं? खिशातले गोटे होते. लाकडाच्या पाचरी होत्या. त्याच्याही आधी काहीच नव्हतं.

ज्यांनी कधी दोर बांधला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोन माणसं कातळ चढतात तेव्हा पहिला, म्हणजे लीडर, पुढे जातो आणि दुसरा खालून दोर सोडत राहतो. लीडरच्या वर दोर बांधलेला नसतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. तो वाटेत कातळाच्या भेगेत काहीतरी अडकवतो, त्याला कॅराबिनर लावून दोर त्यातून घेतो. या अडकवलेल्या वस्तूच्या वर दोन मीटर गेल्यावर पाय घसरला, तर तो साधारण चार मीटर पडतो, वर दोराचा ताण वेगळा. मध्ये काहीच अडकवलेलं नसेल, तर तो थेट जमिनीवर येतो. म्हणजे सगळा खेळ त्या 'काहीतरी'चा आहे.

इथल्या लोकांनी पहिली कित्येक वर्षं त्या काहीतरीशिवाय काढली. लेक डिस्ट्रिक्टमधला नेप्स नीडल नावाचा सुळका हॅस्केट स्मिथ हा गृहस्थ १८८६ साली एकटाच, दोराशिवाय चढून आला. तिथून इथल्या प्रस्तरारोहणाची सुरुवात मानतात. पुढे दोर आला, पण तो तागासारख्या धाग्यांचा, कंबरेभोवती गाठ मारलेला. लीडर पडला तर दोर तुटणार किंवा बरगड्या तुटणार. म्हणून एकच नियम होता: लीडरने पडायचं नाही. नियम म्हणून तो फार सोपा आहे.

निसर्गाने स्वतःच भेगेत दगड अडकवून ठेवला असेल तर मात्र चैन. अशा दगडाला चॉकस्टोन म्हणतात. लीडर तिथे पोहोचला की एका हाताने कातळ धरून दुसऱ्या हाताने कंबरेचा दोर सोडायचा, त्या दगडाच्या मागून ओवून घ्यायचा आणि पुन्हा बांधायचा. म्हणजे सुरक्षित होण्यासाठी आधी पूर्ण असुरक्षित व्हायचं! १९१४ च्या एप्रिलमध्ये स्कॉफेलच्या सेंट्रल बट्रेसवर हर्फर्ड आणि त्याच्या सोबत्यांनी अशाच एका अडकलेल्या दगडाला दोराचे फास बांधून अवघड टप्पा पार केला. त्या काळातली ती इंग्लंडमधली सर्वांत अवघड चढाई. हर्फर्ड दोन वर्षांनी पहिल्या महायुद्धात मारला गेला.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की निसर्गाने दगड ठेवला नसेल तर आपणच ठेवावा. वेल्समध्ये क्लॉग्विन दीर आर्धी नावाचा काळाकभिन्न कडा आहे. नाव उच्चारायला मला दोन वर्षं लागली, इथले लोक सरळ 'क्लॉगी' म्हणतात. १९२६-२७ च्या सुमारास तिथे पिगॉट नावाचा आरोहक आणि त्याचे मित्र एका भेगेशी झगडत होते. त्यांच्यातल्या मॉर्ली वुडने भेगेत मुद्दाम एक दगड बसवला आणि त्याला दोरीचा फास घातला. चढाईच्या इतिहासात हेतुपुरस्सर बसवलेला पहिला दगड म्हणून त्याचंच नाव घेतात. आपल्याला वाटेल, त्यात काय एवढं? पण तेव्हा यावरही कुजबुज झाली. हे खेळाला धरून आहे का, वगैरे.

गंमत म्हणजे त्याच काळात युरोपात, आल्प्समध्ये, लोक हातोड्याने लोखंडी मेखा, म्हणजे पिटॉन, धडाधड ठोकत होते. इंग्रजांना ते अजिबात पसंत नव्हतं. १९३६ मध्ये जर्मन पाहुणे वेल्समधल्या ट्रायफॅन डोंगरावर आले आणि मेखा ठोकून एक नवा मार्ग चढले. त्या मार्गाला आजही 'म्युनिक क्लाइंब' म्हणतात. इथल्या मंडळींनी नंतर जाऊन मेखा उपटल्या आणि त्यांच्याशिवाय तो चढून दाखवला. यात खिलाडूपणा किती आणि चिडकेपणा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मेखेला नकार आणि दगडाला होकार, हा भेद इथल्या मनात पक्का बसला तो तेव्हापासून. मेख ठोकावी लागते, कातळ फुटतो. गोटा हाताने बसवता येतो, हाताने काढता येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर या खेळात कामगार वस्तीतली पोरं आली. त्यांच्यातला सर्वांत मोठा जो ब्राउन. मँचेस्टरचा, शिक्षणाने नाही, कामाने तयार झालेला प्लंबर. त्याचा पहिला दोर म्हणजे आईने टाकून दिलेली कपडे वाळत घालायची दोरी. (पुढे १९५५ साली हाच माणूस कांचनजंगावर पहिल्यांदा पोहोचला आणि सिक्कीमच्या श्रद्धेचा मान राखून शिखराच्या काही फूट खाली थांबला, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असेल.) ब्राउन आणि त्याचे सवंगडी ओढ्यातले वेगवेगळ्या मापांचे गोटे खिशात घालून चढायचे. समोर भेग आली की एका हाताने लटकायचं, दुसऱ्या हाताने खिशात चाचपून बरोबर मापाचा गोटा काढायचा, भेगेत बसवायचा, मग त्याच बोटांनी त्याच्यामागून बारीक दोरी ओवायची. गोटा हातातून सुटला तर खालच्या माणसाने डोकं वाचवायचं. हेल्मेट तेव्हा कुणी घालत नसे.

हे सगळं मला पुस्तकांतून कळलं, पण त्याची चव लागली ती आमच्या क्लबातल्या एका आजोबांमुळे. वय पंच्याऐंशीच्या पुढे. आयुष्यभर शेफिल्डच्या पोलाद कारखान्यात फिटर. इथे ऐंशीच्या माणसालाही नावाने हाक मारतात, मला अजून ते जमत नाही, म्हणून मी त्यांना 'सर' म्हणते आणि ते दरवेळी चिडतात. क्लबाच्या झोपडीत एका पावसाळी रविवारी, म्हणजे इथल्या कुठल्याही रविवारी, त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा उघडला. आत त्यांची तरुणपणची सगळी आयुधं होती. चपटे गोटे, गाठी मारून काळ्या पडलेल्या दोऱ्या, लोखंडी षटकोनी नट आणि तळाशी सहा-सात लाकडी पाचरी.

पाचर हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते तिचं वजन, म्हणजे वजन नसणं. वीतभर लांब, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे निमुळती. जाड टोकाजवळ आरपार भोक, भोकातून दोरीचा फास. त्यांच्या पाचरी अ‍ॅश लाकडाच्या होत्या. इथे हातोड्याचे दांडे याच लाकडाचे करतात. कारखान्यात दांडा मोडला की तो टाकून न देता संध्याकाळी करवत आणि कानस घेऊन बसायचं. दोन-तीन मापांच्या पाचरी सहज निघायच्या.

पाचर हवी कशाला? कारण लोखंडी मेख पातळ असते, ती बोटभर भेगेत बसते. भेग मूठभर रुंद असेल तर मेख तिच्यात नुसती हलते. गोटाही दर वेळी बसत नाही, भेग खाली निमुळती होत नसेल तर तो घसरून जातो. मग लाकूड. हातोड्याने ठोकलं की ते थोडं दबतं, कातळाच्या खडबडीत अंगात शिरतं आणि धरून राहतं. आल्प्समध्ये, विशेषतः डोलोमाइट्सच्या चुनखडीच्या भिंतींवर, पाचरींचा वापर सर्रास होता. इटलीचा वॉल्टर बोनाती १९५५ साली फ्रान्समधल्या पेती द्रू शिखराचा नैर्ऋत्य खांब सहा दिवस एकट्याने चढला, तेव्हा त्याच्या ओझ्यात डझनावारी मेखांबरोबर थोड्या लाकडी पाचरीही होत्या. तो खांब २००५ मध्ये अख्खाच्या अख्खा कोसळला. बोनातीने चढलेला मार्ग आता जगात नाही.

मी आजोबांना विचारलं, ठोकताना कळायचं कसं, की पाचर घट्ट बसली? ते म्हणाले, मेख बोलते. मेख ठोकताना तिचा आवाज टप्प्याटप्प्याने वर चढत जातो, टिण टिण करत. तो चढला की समजायचं, धरली. पाचर मात्र पहिल्या घावापासून शेवटच्या घावापर्यंत नुसती ठक ठक. आत काय चाललंय, काही सांगत नाही. त्यांच्या एका दोस्ताने डर्बीशायरमध्ये अशीच एक पाचर ठोकली, तिच्यावर दोरीची शिडी टांगली, शिडीवर उभा राहिला. दहा मिनिटं ती टिकली. अकराव्या मिनिटाला निघाली. खालच्या दोन पाचरीही एकापाठोपाठ एक निघाल्या. दोस्ताचं खुब्याचं हाड मोडलं आणि तो पुन्हा कधी चढला नाही. हे सांगताना आजोबा पाचरीच्या भोकातली दोरी उगाच सरळ करत होते.

त्या रात्री मी चिंचवडला बाबांना फोन लावला. बाबांनी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलं, पण बालपण शेतावर गेलेलं, म्हणून लाकूडही कळतं.

"बाबा, लाकडाची पाचर माणसाचं वजन पेलेल का हो?"

"न पेलायला काय झालं? अगं, नांगर सगळा पाचरीवरच उभा असतो. कुऱ्हाडीचा दांडा कशावर टिकतो? पण लाकूड कोणतं, वाळलेलं का ओलं, ते सांग आधी."

मग पंधरा मिनिटं शिकवणी झाली. लाकूड ओलं झालं की फुगतं, म्हणून सैल झालेली कुऱ्हाड आपल्याकडे रात्रभर पाण्यात घालून ठेवतात. सकाळी दांडा घट्ट. पण तो उन्हात वाळला की पुन्हा डुगडुगतो. म्हणजे पावसात ठोकलेली पाचर उन्हात दगा देणार. वाळलेली पाचर कोरड्या भेगेत ठोकली, तर पावसात आणखी आवळणार, पण अशी चार-सहा वेळा भिजली-वाळली की तिच्यातला जीव जाणार. शिवाय पाचर ठोकताना लाकडाचे तंतू कुठल्या दिशेने आहेत ते पाहायला हवं, भोक आडवं पडलं तर तिथूनच चीर जाते.

"कधी ठोकलेली आहे म्हणालीस?"

"काही काही साठ वर्षांपूर्वीच्या आहेत, बाबा. अजून भेगेतच आहेत."

पलीकडे क्षणभर शांतता. "मग तिला पाचर म्हणू नकोस. ते सरपण आहे."

साठ वर्षांपूर्वीच्या पाचरी म्हटल्यावर इथे पहिलं नाव निघतं ते 'ओल्ड मॅन ऑफ हॉय'चं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर, समुद्रातून सरळ उभा राहिलेला १३७ मीटर उंचीचा तांबड्या वालुकाश्माचा खांब. जुलै १९६६ मध्ये टॉम पेटी, रस्टी बेली आणि ख्रिस बॉनिंग्टन हे तिघे तो पहिल्यांदा चढले. वाटेत एक रुंद, बाहेर झुकलेली भेग आहे. तिथे बेलीने पाचरी ठोकत ठोकत वाट काढली. पुढच्या वर्षी, जुलै १९६७ मध्ये, बीबीसीने या चढाईचं थेट प्रक्षेपण केलं. जो ब्राउनसह सहा नामांकित आरोहक तीन वेगवेगळ्या वाटांनी वर जात होते आणि सुमारे दीड कोटी लोकांनी ते घरबसल्या पाहिलं असं सांगतात. बेलीच्या पाचरी पुढे वर्षानुवर्षं त्या भेगेत राहिल्या. खारा वारा, पाऊस, आणि फुलमार नावाच्या पक्ष्यांची वस्ती. हे पक्षी घरट्याजवळ आलेल्या माणसावर पोटातलं घाणेरडं तेल ओकतात. तो कपडा नंतर फेकूनच द्यावा लागतो. तर अशा ठिकाणी, हाताची ताकद संपत आलेली असताना, समोर कुणीतरी पूर्वी ठोकलेली पाचर दिसते. दोर तिच्यात अडकवायचा मोह कुणाला होणार नाही?

पाचरीचं हेच आहे. ती ठोकायला हातोडा लागतो आणि काढायला त्याहून जास्त मेहनत. पंचतंत्रातल्या त्या माकडाची गोष्ट आठवते ना, अर्धवट कापलेल्या ओंडक्यातली पाचर उपटायला गेलेलं? मागून चढणाऱ्या दुसऱ्या माणसाला ते माकड व्हावं लागायचं. दमलेला माणूस म्हणायचा, राहू दे तिथेच. त्यामुळे पाचरी मागे राहिल्या.

नटाचं तसं झालं नाही. आणि नटाची जन्मकथा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडते.

वेल्समधलं लॅनबेरिस हे छोटं गाव. तिथून स्नोडन शिखरावर, ज्याला आता त्याच्या मूळ वेल्श नावाने एर विद्वा म्हणायला लागलेत, १८९६ पासून दातेरी रुळांची छोटी रेल्वे जाते. क्लॉगीच्या कड्याकडे जाणारी पायवाट याच रेल्वेच्या आजूबाजूने आहे. १९५० च्या दशकात चढायला निघालेल्या पोरांना रुळांच्या कडेला पडलेले मोठाले षटकोनी नट दिसायचे. खिशात गोटे भरण्यापेक्षा हे बरं, अशी कुणाची तरी ट्यूब पेटली. नटाला आयतंच भोक, त्यातून दोरी आधीच ओवून ठेवता येते. एका हाताने लटकून गोट्यामागून दोरी ओवायची कसरत संपली. पण एक अडचण होती: नटाच्या आतले आटे धारदार, ते दोरी कापतात. मग कारखान्यात, मुकादमाची पाठ वळली की ड्रिल लावून आटे काढून टाकायचे, कडा कानसेने गोल करायच्या. आजोबांच्या डब्यातल्या नटांना आतून बोट फिरवून पाहिलं, काचेसारखे गुळगुळीत. "हे काम कंपनीच्या वेळेत झालं," ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

नट धरतो कसा? आपली गोटी सोड्याची बाटली आठवा. गळ्यात काचेची गोटी असते, आतल्या दाबाने ती वर ढकलली जाते आणि जितका दाब जास्त तितकी ती घट्ट बसते. नटाचं तत्त्व तेच, फक्त उलट्या दिशेने. भेग जिथे रुंद आहे तिथून नट आत सरकवायचा, निमुळत्या भागात खाली ओढायचा. माणूस पडला की नट आणखी आवळतो. मागून येणारा त्याला वर ढकलतो की सुटला. हातोडा नाही, खूण नाही. दोष एकच: दोर वरच्या दिशेने हलला तर तो आपला आपणच निघून येऊ शकतो. म्हणून त्याला लांब फास लावावा लागतो.

१९६१ साली लोहारकाम जाणणाऱ्या जॉन ब्रेल्सफर्डने खास चढाईसाठी बनवलेला पहिला नट आणला. आकार ओकच्या फळासारखा म्हणून नाव 'एकॉर्न'. त्यानंतर लवकरच त्याचाच 'मोअ‍ॅक' आला, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत ओतलेला, चारी बाजूंनी निमुळता. थोडक्यात, धातूची पाचर! फक्त न ठोकता बसवायची. लाकडाच्या पाचरीचा आकार आणि गोट्याची रीत, दोन्ही त्या एका तुकड्यात आल्या. आजोबांनी पहिला मोअ‍ॅक विकत घेतला तेव्हा मित्रांनी चेष्टा केली होती, की फुकट मिळणाऱ्या वस्तूला पैसे कसले देतोस.

पुढची गोष्ट अमेरिकेतल्या वाचकांच्या ओळखीची असेल, म्हणून भराभर सांगते. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत तेव्हा पोलादी मेखांचं राज्य होतं. तिथेही सुरुवात घरगुतीच. जॉन सलाथे या स्विस लोहाराने १९४० च्या दशकात स्वतःच्या भट्टीत कणखर पोलादाच्या मेखा घडवल्या, जुन्या फोर्ड गाडीच्या आसाचं पोलाद वापरून असं सांगतात. १९५७ मध्ये वॉरन हार्डिंग एल कॅपिटनच्या 'नोज'वर चढायला लागला तेव्हा रुंद भेगांसाठी त्याने काय वापरावं? भंगारातून आणलेले जुन्या शेगड्यांचे पाय! त्या भेगांना आजही 'स्टोव्हलेग क्रॅक्स' म्हणतात. मार्ग पूर्ण झाला १२ नोव्हेंबर १९५८ रोजी. नंतर अशा भेगांसाठी दुमडलेल्या पत्र्याच्या मोठ्या मेखा निघाल्या. त्या गुरांच्या गळ्यातल्या घंटेसारख्या वाजत, म्हणून त्यांना 'बाँग' म्हणायला लागले.

पण मेखा ठोकून-काढून तिथल्या भेगांना भोकं पडायला लागली. रॉयल रॉबिन्स हा तिथला अव्वल आरोहक १९६६ साली इंग्लंडला आला, इथली नटांची रीत पाहिली, आणि १९६७ मध्ये बायको लिझबरोबर योसेमिटीत एक नवा मार्ग एकही मेख न ठोकता फक्त नटांवर चढला. मार्गाचं नाव ठेवलं 'नटक्रॅकर'. १९७२ मध्ये इव्हॉन शुइनार्डने, ज्याचा धंदा तोवर प्रामुख्याने मेखा विकण्याचा होता, आपल्या कॅटलॉगमध्येच लोकांना सांगितलं की मेखा सोडा, नट वापरा. स्वतःच्या दुकानातला चालता माल वापरू नका असं सांगणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मेखांनी काय होतं ते पाहायला योसेमिटीला जायची गरज नाही. हॅदरसेजजवळच्या मिलस्टोन एज या जुन्या दगडखाणीत आमच्या क्लबाचे लोक दर आठवड्याला जातात. तिथल्या भेगांत ओळीने खड्डे आहेत, एकेका बोटाच्या मापाचे. १९५०-६० च्या दशकांतल्या मेखांचे घाव. गंमत अशी, की त्याच खड्ड्यांत बोटं घालून आजची पोरं तेच मार्ग हाताने चढतात.

जर्मनीतले मराठी वाचक मला आता सॅक्सनीची आठवण करून देतील. ड्रेस्डेनजवळच्या एल्ब नदीकाठच्या वालुकाश्माच्या सुळक्यांवर नट चालत नाही, मेख चालत नाही. दगड मऊ आहे, धातूने फुटतो. तिथले नियम १९१३ च्या सुमारास रुडॉल्फ फेरमनने घालून दिले आणि ते आजही पाळतात. कातळात कायमच्या बसवलेल्या मोजक्या कड्या सोडल्या, तर आधार फक्त दोरीच्या गाठींचा. वेगवेगळ्या जाडीच्या दोऱ्यांना गाठी मारायच्या, आणि एका लाकडी पट्टीने त्या भेगेत दाबून बसवायच्या. माझी एक मैत्रीण तिथे जाऊन आली. म्हणाली, गाठ बसली की नाही हे पाहायला मी जितका वेळ घेतला तितक्या वेळात पुरणपोळ्यांचा घाणा झाला असता.

आता हे सगळं आजच लिहायला का घेतलं, तर त्याला कारण आहे. शेफिल्डमध्ये दर सप्टेंबरला मराठी विद्यार्थ्यांची नवी तुकडी येते. त्यातले बरेच जण सह्याद्रीत भटकलेले असतात, त्यांना इथलं क्लाइंबिंग खुणावतं. यंदाच्या उन्हाळ्यात सांगलीचा एक मुलगा आमच्याबरोबर चुनखडीच्या एका जुन्या खाणीत आला. पोरगा तयारीचा, हात चांगला. तो लीड करत होता, दोर माझ्याकडे. दहाएक मीटरवर त्याला भेगेत एक जुनी पाचर दिसली, तिच्यातून फिकट झालेली निळी दोरी लोंबत होती.

"ताई, इथे आयतं आहे. लावू का?"

"नको. तुझा स्वतःचा नट बसतो का बघ."

"पण घट्ट दिसतेय. आमच्याकडे सुळक्यांवर जुने बोल्ट असतात, त्यांवरच तर जातो आम्ही."

"ते कुणी ठोकले, कधी ठोकले, माहीत असतं का तुला?"

उत्तर आलं नाही. थोडं खाली-वर करून त्याने स्वतःचा नट बसवला, दोनदा ओढून पाहिला आणि मगच त्या पाचरीला हात लावला. नुसता हात. पाचर भेगेतून बाहेर आली आणि बोटांत चुरली, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. बाहेरून राखाडी, टणक दिसणारं लाकूड आत पिवळा भुसा झालेलं होतं. दोरी तेवढी शाबूत राहिली. मी खालून काही बोलले नाही. त्याचं तोंड पाहून बोलायची गरज नव्हती.

संध्याकाळी क्लबात यावरून वाद झाला. काही जण म्हणाले, अशा सगळ्या पाचरी काढून टाकायला हव्यात, कुणाचा तरी जीव जाईल. दुसरी बाजू म्हणाली, तो इतिहास आहे, मेलेल्या माणसांच्या हाताचं काम आहे, राहू द्या. माझं मत स्पष्ट आहे: जी लटकलेली दोरी नवख्याला बोलावते ती कापून टाका, लाकूड राहिलं तर राहू दे. इतिहास जपायचा तर आजोबांच्या डब्यासारखा जपावा, जिथे त्याच्यावर कुणी लटकणार नाही. आजोबांना विचारलं तर म्हणाले, माझ्या पाचरी कुठे कुठे आहेत मला आठवतंय, पाय साथ देत असते तर मीच काढून आणल्या असत्या.

इथे आणि भारतात चढणाऱ्या पोरांच्या आई-वडिलांसाठीही दोन शब्द. आजचा नट कारखान्यात चाचणी होऊन येतो, त्याच्यावर युरोपीय मानकाची खूण आणि किती भार पेलेल तो आकडा कोरलेला असतो. '१२ केएन' लिहिलं असेल तर ढोबळमानाने बाराशे किलोंचा भार. फोनवर "पडलीस तर?" असं विचारण्यापेक्षा "आकडा वाचलास का?" असं विचारा. माझ्या आईला हे पटलेलं नाही, ती दोन्ही विचारते. आणि लॅनबेरिसमध्ये, जिथे पोरं रुळांकडेचे नट वेचत होती, तिथेच आज हे नट बनवणारा मोठा कारखाना आहे.

बाबांना मात्र कारखान्यातल्या नटात रस नाही. मी त्यांना आजोबांच्या डब्यातल्या नटांचे फोटो पाठवले होते, मापांसकट. गेल्या महिन्यात घरून पार्सल आलं. भाजणी, मेतकूट, आईने विणलेली टोपी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक षटकोनी पितळी नट. जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांनी आटे काढून आणले होते. सोबत चिठ्ठी: यावर चढायचं नाही, किल्ल्या लावायच्या.

मी तो क्लबात नेऊन आजोबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, आत करंगळी घालून गोल फिरवली, मग कडांवर नख ओढून पाहिलं.

"तुझ्या वडिलांना सांग," ते म्हणाले, "डाव्या बाजूची कड अजून थोडी घासायला हवी."

बाबांना तसं कळवलं. त्यांनी दुसरा करायला घेतला आहे.